आईच्या पाटल्यांतले सोने

आईच्या लग्नातल्या पाटल्यांपैकी एकीचा सांधा गेल्या महिन्यात निखळला, तेव्हा तो जोडून घ्यावा म्हणून मी दोन्ही पाटल्या जुन्या सुती फडक्यात गुंडाळून रविवार पेठेत घेऊन गेले. बरोबर धाकट्या दिरांची मुलगी होती. ती सातवीत आहे, तिला सुट्टी होती आणि परतताना तुळशीबागेत शिरायचे या अटीवर ती आली होती. सराफांनी तुटलेली पाटली बोटांत फिरवून पाहिली, डाक लावायचा तर आधी कस ठाऊक हवा असे म्हणाले आणि ती क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवली. अर्ध्या मिनिटात पडद्यावर तीन आकडे उमटले. सोने ५८.४ टक्के, तांबे २९.६ टक्के, चांदी १२ टक्के.

साठ वर्षे आमच्या घरात या पाटल्यांचा उल्लेख ‘बावनकशी’ असाच होत आला होता, त्यामुळे माझा चेहरा उतरला असणार. सराफांनी ते पाहिले आणि विचारले, “लग्न कितव्या सालचं, ताई?” मी म्हटले, “चौसष्ट.” त्यावर ते हसले. “मग बरोबर आहे. तेव्हा चौदा कॅरेटच्या वर करायला बंदीच होती. फसवलं नाही कुणी तुमच्या आजोबांना.”

हे मी ऐकून होते, पण आपल्या घरातल्या वस्तूशी त्याचा संबंध कधी लावला नव्हता. चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण असताना, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. असंख्य सोनारांचा धंदा त्यात बसला. ती अट १९६६ मध्ये मागे घेतली गेली, पण मधल्या वर्षांत ज्यांची लग्ने झाली त्यांच्या कपाटांत असे दागिने आजही असतील आणि मालकांना त्याची कल्पना नसेल. चोवीस भागांपैकी चौदा भाग सोने म्हणजे ५८.३ टक्के. आजोबांच्या सोनाराने कायदा अगदी काटेकोरपणे पाळला होता.

पुतणी मात्र या इतिहासात रमली नव्हती. ती पडद्याकडेच पाहत होती. “काकू, म्हणजे सोनं संयुग आहे का? पुस्तकात तर मूलद्रव्य लिहिलंय.”

मी तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि ते पुस्तकातलेच आहे: सोने हे मूलद्रव्य आहे. पण तिचा गोंधळ मला अडाणीपणाचा वाटला नाही. ‘सोने’ हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक पुस्तकातले सोने आणि दुसरे पेठेतले. पहिले हे द्रव्याचे नाव आहे, दुसरे हे मालाचे. शाळेचा प्रश्न पहिल्याविषयी असतो आणि मुलाने आयुष्यात पाहिलेले असते फक्त दुसरे. शिवाय ‘मूलद्रव्य की संयुग’ असे दोनच पर्याय समोर ठेवले की तिसरा पर्याय, म्हणजे मिश्रण, नजरेआड होतो. आणि पेठेतले सोने नेमके त्या तिसऱ्या घरातले आहे.

पुस्तकातल्या सोन्याची ओळख आज एका आकड्यात सांगता येते. ज्या अणूच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आहेत तो सोन्याचा अणू. ७८ असतील तर प्लॅटिनम, ८० असतील तर पारा. निसर्गात सापडणाऱ्या सोन्याच्या प्रत्येक अणूत या ७९ प्रोटॉनांबरोबर ११८ न्यूट्रॉन असतात. सोन्याचा दुसरा कोणताही टिकाऊ समस्थानिक, म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेला प्रकार, नाही. कोलारच्या खाणीतून निघालेले सोने, हट्टीच्या खाणीतले सोने आणि दक्षिण आफ्रिकेतले सोने यांत अणूच्या पातळीवर फरक शोधू गेल्यास काहीही हाती लागत नाही. ‘अमुक गावचे सोने अधिक पिवळे’ असे कुणी सांगितले तर तो फरक त्यात मिसळलेल्या तांब्या-चांदीचा समजावा.

आता पाटली. तिच्यातले टक्के वजनाचे आहेत, आणि वजन इथे जरा फसवते, कारण सोन्याचा अणू तांब्याच्या अणूच्या तिपटीहून अधिक जड असतो. घरी आल्यावर मी कागदावर भागाकार करून पाहिला. पाटलीतले कोणतेही शंभर अणू मोजायला घेतले तर सरासरी ३४ सोन्याचे, १३ चांदीचे आणि ५३ तांब्याचे निघतील. म्हणजे माथी मोजली तर आईच्या पाटल्या तांब्याच्याच आहेत. पुतणीला हे इतके आवडले की तिने संध्याकाळी तिच्या वडिलांना फोन करून ते सांगितले. माझ्या दिरांना ते तितकेसे आवडले नाही.

इतके तांबे असूनही या पदार्थाला संयुग का म्हणायचे नाही, याची शाळेतली दोन कारणे आहेत आणि ती इथे अगदी हाताला लागतात. पहिले कारण प्रमाणाचे आहे. पाणी कुठलेही घ्या, मुठेचे किंवा हिमालयातले, त्यात वजनाने एक भाग हायड्रोजन आणि आठ भाग ऑक्सिजन असतो. हे प्रमाण ठरलेले असते आणि ते कोणाच्या मर्जीने बदलत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्रूस्टने अठराव्या शतकाच्या अखेरीस हा नियम मांडला. सोनाराच्या मुशीत असे काही ठरलेले नसते. चौदा, अठरा, वीस, बावीस, हवे ते प्रमाण त्याला साधता येते. तांबे वाढवले तर रंग लालसर होतो, चांदी वाढवली तर फिकट, किंचित हिरवट होतो, आणि हे सगळे पायरीपायरीने, कुठेही एकदम उडी न घेता होते.

दुसरे कारण गुणधर्मांचे आहे, आणि ते समजावण्यासाठी मी पुतणीला एका पांढऱ्या पुडीविषयी सांगितले. दागिन्यांना सोन्याचा मुलामा देणारे कारागीर ज्या क्षारापासून आपले द्रावण तयार करतात, त्याचे नाव पोटॅशियम गोल्ड सायनाइड. त्याच्या सूत्रावरून हिशेब केला तर त्यात वजनाने ६८ टक्के सोने आहे, म्हणजे आईच्या पाटल्यांपेक्षा पुष्कळ अधिक. तरीही ती पूड पांढरी असते, पाण्यात विरघळते, तिच्यात चकाकीचा मागमूस नसतो, ती ठोकून पत्रा होत नाही आणि पोटात गेली तर प्राणघातक ठरते. हे सोन्याचे संयुग. त्यात सोन्याचा अणू आहे, पण सोनेपण हरपलेले आहे. उलट ५८ टक्क्यांची पाटली पिवळी आहे, चकाकते, वाकते, आणि साठ वर्षे हातात राहूनही काळवंडलेली नाही. कोणात अधिक सोने आहे हा प्रश्न वेगळा, आणि सोने कोणत्या अवस्थेत आहे हा प्रश्न वेगळा.

असे संयुग झाले म्हणजे सोने कायमचे गेले असेही नाही. सोने सहजासहजी कशात विरघळत नाही, पण हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन भाग आणि नायट्रिक आम्लाचा एक भाग यांच्या मिश्रणात, ज्याला आपण अम्लराज म्हणतो, ते विरघळते आणि नारिंगी-पिवळे द्रावण तयार होते. नाझी सैन्य १९४० मध्ये कोपनहेगनमध्ये शिरले तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत मॅक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदके ठेवलेली होती. ती सैनिकांच्या हाती पडू नयेत म्हणून तिथले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी ती अम्लराजात विरघळवून टाकली आणि बाटली फळीवर ठेवून दिली. युद्ध संपल्यावर बाटली जागच्या जागी सापडली, द्रावणातून सोने परत काढले गेले आणि त्याची पदके पुन्हा ओतली गेली. मूलद्रव्य म्हणजे काय हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मी वर्गात कधी वापरले नाही.

इथवर सगळे सरळ आहे. पण खरे सांगायचे तर मिश्रण आणि संयुग यांच्यामधली भिंत शाळेत दाखवतात तितकी पक्की नाही, आणि सोन्याच्याच बाबतीत तिला दोन ठिकाणी भेग आहे. अठरा कॅरेटच्या सोन्यात वजनाने ७५ टक्के सोने असते. उरलेले २५ टक्के केवळ तांबे असेल, तर अणूंचा हिशेब जवळजवळ एकास एक येतो. असे सोने तापवून सावकाश थंड होऊ दिले, तर सुमारे ४०० अंशांच्या खाली आल्यावर त्यातले अणू आपोआप शिस्तीने लागू लागतात: एक थर सोन्याचा, त्यावर एक थर तांब्याचा, पुन्हा सोन्याचा. तेव्हा तो पदार्थ कडक होतो आणि घडवताना तडकतो. म्हणून अशा तांबूस सोन्याचे काम करणारे कारागीर ते तापून लाल झालेले असतानाच पाण्यात टाकतात, म्हणजे अणूंना रांगा लावायला वेळच मिळत नाही. रांगेत लागलेल्या त्या पदार्थाला शास्त्रज्ञ संयुगाच्या जवळचे स्थान देतात, आणि ते योग्यच आहे.

दुसरी भेग अधिक रंगीत आहे. सोन्याच्या एका अणूला ॲल्युमिनियमचे दोन अणू या ठरलेल्या प्रमाणात दोन्ही धातू एकत्र वितळवले तर जे तयार होते ते चक्क जांभळे असते. त्यात वजनाने साडेअठ्ठ्याहत्तर टक्के सोने, म्हणजे अठरा कॅरेटच्या वर. पण ते काचेसारखे ठिसूळ असते, त्याची तार ओढता येत नाही, आणि दागिन्यात वापरायचे तर खड्यासारखे बसवावे लागते. प्रमाण ठरलेले, गुणधर्म निराळे, रंग भलताच. हे दोन धातूंचे खरेखुरे संयुग आहे. एके काळी इलेक्ट्रॉनिक उपकरणांत सोन्याची तार ॲल्युमिनियमला जोडली की सांध्यावर हाच जांभळा पदार्थ धरायचा आणि सांधा निकामी व्हायचा, तेव्हा अभियंत्यांनी त्याला रोगाचे नाव दिले होते. पुतणीला मी हे सांगितले नाही. सातवीच्या परीक्षेत ते लिहिले असते तर तिचे गुण गेले असते.

या प्रश्नाचा आपल्याकडचा जुना वाद मला दरवेळी आठवतो. ‘तर्कसंग्रह’ हा न्याय-वैशेषिक दर्शनांचा प्रवेशग्रंथ शिकलेल्यांना ‘आकरजं सुवर्णादि’ (खाणीतून निघणारे सोने वगैरे) हे शब्द परिचित असतील. अन्नंभट्टाने सतराव्या शतकात, वैशेषिकांच्या परंपरेला धरून, सोन्याची गणना तेज या द्रव्यात केली आहे, पृथ्वी या द्रव्यात नाही. त्यामागचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. तूप तापवत राहिले तर त्याचे द्रवपण अखेर नष्ट होते, ते जळून जाते. सोने मात्र कितीही आच दिली तरी वितळलेलेच राहते, जळत नाही. ज्याचे द्रवपण अग्नी नष्ट करू शकत नाही ते पार्थिव असू शकत नाही, म्हणून सोने तैजस. मग त्याचा पिवळा रंग आणि जडपणा कुठून आला, तर त्यात मिसळलेल्या पार्थिव भागातून, असे ते उत्तर देतात. वर्गीकरण आज टिकणारे नाही आणि पिवळेपणाचा खुलासाही चुकला आहे; तो रंग सोन्याचा स्वतःचाच आहे, आणि जड केंद्रकाभोवती प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरणारे आतले इलेक्ट्रॉन त्याला कारणीभूत आहेत. पण निरीक्षण मात्र अचूक होते. आगीत जे संपत नाही ते मूळचे, या विचारापासून मूलद्रव्याची व्याख्या फार दूर नाही.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ मध्ये मूलद्रव्यांची जी यादी दिली तिची कसोटीही अशीच व्यवहारी होती: उपलब्ध असलेल्या कोणत्याही उपायाने ज्याचे आणखी विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य. त्या यादीत ३३ नावे होती. त्यांत प्रकाश होता, उष्णता होती, आणि चुनासुद्धा होता. उष्णता पुढे द्रव्यच ठरली नाही आणि चुना हा कॅल्शियम व ऑक्सिजनचा संयोग निघाला. सोन्याला मात्र कोणी धक्का लावू शकले नाही.

सोने कशाशी सहज संयोग पावत नाही याचा सर्वांत रोकडा पुरावा सराफकट्ट्याच्या जमिनीवर पडलेला असतो. झारेकरी मंडळी सराफांच्या दुकानांपुढची आणि कारखान्यांतली धूळ झाडून नेतात, धुतात आणि तिच्यातून सोन्याचे कण वेगळे काढतात. हा पिढीजात धंदा आहे. तो चालतो याचे कारण रसायनशास्त्रात आहे. लोहाराच्या भात्यापुढची धूळ वर्षभर साठवली तर हाती गंज येईल. सोन्याचा कण गटारात पडला, पावसात भिजला, वर्षभर मातीत राहिला, तरी तो सोन्याचाच कण राहतो. आयुर्वेदातले सुवर्णभस्मसुद्धा, ‘भस्म’ या नावावरून वाटते तसे ऑक्साइड नसून, तपासणीत मुख्यतः अतिसूक्ष्म धातुरूप सोनेच निघते.

सोने तयार करता येत नाही असे मात्र मी कोणाला सांगत नाही. केंद्रकाला हात घालता आला तर ते जमते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शिशाची केंद्रके एकमेकांच्या अगदी जवळून जाताना त्यांतले तीन प्रोटॉन निसटून सोन्याची केंद्रके बनतात, हे २०२५ मध्ये मोजून जाहीर झाले. चार वर्षांच्या प्रयोगांत तयार झालेले सगळे सोने मिळून एका ग्रॅमच्या अब्जांशाहूनही कितीतरी कमी भरले, आणि तेही क्षणभरच टिकले. विश्वातल्या सोन्याचा बराच वाटा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतून आला असावा असे मानतात. ऑगस्ट २०१७ मध्ये अशी एक टक्कर टिपली गेली आणि तिच्या मागे उरलेल्या रेडिओ लहरी आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणींनीही ऐकल्या. किमयागारांची चूक एवढीच होती की ते मुशीत आणि भट्टीत शोधत राहिले. तिथल्या आचेने अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन हलतात, केंद्रकाला ती पोहोचतच नाही.

पाटलीची गोष्ट थोडी उरली आहे. यंत्र फक्त वरच्या थरापुरते पाहते, हे माहीत असल्यामुळे मला पुरती खात्री करून घ्यायची होती. माझा एक जुना विद्यार्थी हॉलमार्कच्या तपासणी केंद्रात काम करतो. त्याने आम्हा दोघींना आगीची कसोटी पाहू दिली. निखळलेल्या सांध्याजवळचा २५० मिलिग्रॅमचा तुकडा त्याने कापून तोलला, वरून चांदी घालून शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळला आणि एका लहानशा सच्छिद्र वाटीत ठेवून भट्टीत सरकवला. आत हजार अंशांच्या वर तापमान होते. शिसे वितळले, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे ऑक्साइड झाले, तांब्यालाही त्याने तसेच बरोबर घेतले, आणि ते सगळे पाणी मातीत जिरावे तसे वाटीत जिरून गेले. मागे सोने आणि चांदी यांचा एक चकचकीत मणी उरला. तो ठोकून, लाटून, त्याची पट्टी गुंडाळून त्याने नायट्रिक आम्लात उकळली. चांदी द्रावणात गेली.

चिमट्याने त्याने जे बाहेर काढले ती एक तपकिरी, भुरभुरीत, मातकट वळी होती, वाळलेल्या चिंचेच्या सालपटासारखी. पुतणी माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “काकू, हे सोनं नाहीये.” पाटलीतला जो भाग खरोखर सोने होता, तो प्रथमच एकटा तिच्या समोर आला होता, आणि तिने ओळख दिली नाही. चांदी निघून गेल्यामुळे त्यात असंख्य छिद्रे राहिलेली असतात, त्यांमुळे तो असा दिसतो.

त्याने वळी धुतली, वाळवली आणि पुन्हा काही मिनिटे भट्टीत ठेवली. बाहेर आली तेव्हा ती आकसलेली होती आणि गडद पिवळी झाली होती, पाटलीपेक्षाही पिवळी. तराजूने १४५.९ मिलिग्रॅम दाखवले, म्हणजे हजारात ५८३.६. विद्यार्थ्याने आकडा नोंदवहीत लिहिला, वळी कागदाच्या पुडीत घालून पुतणीच्या हातावर ठेवली, आणि तिने ती पुडी उघडून एकदा वास घेऊन पाहिला.